निरंक

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. महिनाअखेर आली की आमच्या घरी सतरंजीवर तक्त्यांचा पसारा पडायचा. पटसंख्या, हजेरी, पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिजला, शाळाबाह्य मुलं किती. मी सहावी-सातवीत असेन. माझं अक्षर बरं होतं म्हणून आई मला रकाने भरायला बसवायची. तिचा एकच नियम होता: रकाना मोकळा सोडायचा नाही. काही नसेल तर 'निरंक' लिहायचं.

एकदा मी कंटाळून विचारलं, "मोकळा सोडला तर काय बिघडतं? तसंही काही नाहीच आहे ना?"

"अगं, मोकळा म्हणजे कुणी बघितलंच नाही," आई म्हणाली. "निरंक म्हणजे बघितलं, आणि नाहीये."

तेव्हा मी मान डोलावली आणि विसरून गेले. पुढे चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पाच वर्षं नोकरी केली, डेटाबेसवर परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या. हे वाक्य खऱ्या अर्थाने कळलं ते 17 मुलींचे पैसे माझ्यामुळे अडकले तेव्हा.

*

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत काम करते. आमच्याकडे एका संस्थेचं शिष्यवृत्तीचं काम आलं होतं. खेड्यातून शहरात येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना मेसचे पैसे द्यायचे. अर्ज हजारभर. कॉलेजांकडून ते एक्सेलमध्ये यायचे. आमचं काम अर्ज तपासणं, पात्र मुलींची यादी करणं, ती बँकेकडे पाठवणं आणि दर महिन्याला संस्थेला अहवाल देणं.

हे सगळं एकाच भाषेत करता आलं असतं. पण मला तसं करायचं नव्हतं, आणि त्यामागे नुसती हौस नव्हती. प्रत्येक कामाची एक भाषा असते. नावं, फोन नंबर, पिनकोड यांचा गाळ उपसायला रेग्युलर एक्सप्रेशनसारखं हत्यार नाही. टेबलं एकमेकांना जोडायला एसक्यूएल. आलेख आणि अहवालाला आर, कारण आमच्या टीममधली स्टॅटिस्टिक्सवाली मैत्रीण त्यातच काम करायची. आणि पात्रतेचे नियम मी प्रोलॉगमध्ये लिहिले.

प्रोलॉग ऐकून ऑफिसात सगळे हसले होते. ती इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये दोन तास शिकून विसरायची भाषा, असा तिचा लौकिक. पण संस्थेचे नियम बघा: एकल पालक असेल तर उत्पन्नाची मर्यादा वेगळी, दोन बहिणी शिकत असतील तर वेगळी, मुलगी दुसरीकडून मदत घेत असेल तर अर्धी रक्कम. हे पायथनमध्ये लिहिलं की इफ-एल्सचं रान माजतं. प्रोलॉगमध्ये नियम एकाखाली एक लिहायचे. ते कसे तपासायचे ते प्रोलॉग बघून घेतं. संस्थेच्या ताईंना मी ते नियम स्क्रीनवर दाखवले, तर त्या म्हणाल्या, "हे तर आमच्या माहितीपत्रकासारखंच दिसतंय." मला फार भारी वाटलं होतं.

सगळ्यांना बांधणारी दोरी पायथनची. त्यात पँडाज. एक फाइल आत टाकायची, ती पाच भाषांमधून फिरून अहवाल होऊन बाहेर यायची. पहिल्यांदा सगळं सलग चाललं त्या रात्री मी एकटीने कॅन्टीनमध्ये जाऊन दोन चहा प्यायले.

*

पहिली चूक तर आम्ही हसण्यावारी नेली.

नावांतले स्वल्पविराम, कंस, टिंबं काढायला मी एक साधा नियम लिहिला होता: जे अक्षर नाही आणि मोकळी जागाही नाही, ते उडव. इंग्रजी नावांवर झकास चालला. मराठी नावं आली आणि 'सविता'ची 'सवत' झाली.

कारण असं की पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्सप्रेशनच्या लेखी 'स', 'व', 'त' ही अक्षरं आहेत, पण वेलांटी आणि काना ही अक्षरं नाहीत. युनिकोडमध्ये मात्रांची वर्गवारी वेगळी आहे. त्यामुळे नियमाने इमानदारीत सगळ्या मात्रा झाडून टाकल्या. 'सुनीता'ची 'सनत' झाली, 'कविता'ची 'कवत'. दिवसभर ऑफिसात आम्ही एकमेकांना मात्रा काढून हाका मारत होतो. संध्याकाळी दुसरी लायब्ररी घेतली, प्रश्न मिटला.

ती चूक मिटली कारण ती दिसली. सवत झालेली सविता कुणाच्याही डोळ्यात खुपते.

*

ऑगस्टमध्ये पहिला हप्ता गेला. ऑक्टोबरच्या अहवालात शेवटची ओळ होती: 'पैसे मिळायचे राहिलेल्या विद्यार्थिनी: निरंक.'

तो शब्द मीच घातला होता. अहवाल मराठीत हवा होता, आणि यादीत शून्य ओळी आल्या तर 'निरंक' छापायचं असं मी आरमध्ये लिहून ठेवलं होतं. आईला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

जानेवारीत संस्थेच्या ताईंनी एका मुलीला माझा नंबर दिला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, माझं नाव कटलं का? मैत्रिणीचे आले. मला वाटलं माझं कटलं असंल, म्हणून विचारलं नाही कुणाला."

मी अर्ज क्रमांक विचारला, शोधला. पात्र. नाव कटलं नव्हतं. पैसे पाठवले होते. परत आले होते. आणि तिचं नाव राहिलेल्यांच्या यादीत नव्हतं, कारण त्या यादीत कुणाचंच नाव नव्हतं.

त्या दिवशी मी रात्री दीडपर्यंत ऑफिसात होते. जे सापडलं ते क्रमाने सांगते.

बँकेकडे पाठवायची फाइल कुणीतरी मध्ये एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले 15 अंकच नीट धरतं. खातं क्रमांक 16 आकडी असेल आणि तो मजकूर म्हणून न येता संख्या म्हणून आला, तर सोळावा आकडा शून्य होतो. बहुतेक मुलींचे खाते क्रमांक लहान होते. 17 जणींचे 16 आकडी होते. त्यांचे पैसे चुकीच्या क्रमांकांवर गेले आणि परत आले.

हे होऊ शकतं. म्हणूनच तर राहिलेल्यांची यादी काढतात. ती यादी मी एसक्यूएलमध्ये अशी काढली होती: ज्या पात्र मुलींचे अर्ज क्रमांक 'पैसे पोचले' या टेबलात नाहीत, त्या दाखव. वाक्य बरोबर आहे. पण 'पैसे पोचले' या टेबलात एक ओळ अशी होती जिच्यात अर्ज क्रमांकच नव्हता. नवीन बँक-जोडणी चालते का हे बघायला कुणीतरी 1 रुपया पाठवला होता. चाचणीचा रुपया. त्याला कसला अर्ज क्रमांक असणार? तो रकाना मोकळा होता. एसक्यूएलच्या भाषेत नल.

त्या एका रुपयाने 17 मुली झाकल्या.

*

कशा झाकल्या ते पंगतीच्या उदाहरणाने सांगते. समजा पंगतीत तीन जण बसलेत. एक रमेश, एक सुरेश, आणि तिसऱ्याचं तोंड भिंतीकडे आहे. 'रमेश पंगतीत आहे' हे तुम्ही छातीठोक सांगू शकता. पण 'गणेश पंगतीत नाही' हे सांगू शकता का? नाही. तो तिसरा गणेश असू शकतो. महेशचंही तेच, दिनेशचंही तेच. जोवर एक चेहरा दिसत नाही, तोवर कुणाहीबद्दल 'तो इथे नाही' असं म्हणता येत नाही.

एसक्यूएल अगदी असाच विचार करते. तिच्याकडे उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत: हो, नाही, माहीत नाही. मोकळा रकाना म्हणजे 'माहीत नाही'. मी विचारलं, ही मुलगी पोचलेल्यांत नाही ना? ती प्रामाणिकपणे म्हणाली, माहीत नाही. सतराही जणींबद्दल हेच म्हणाली. आणि यादीत फक्त 'हो' उत्तराच्या ओळी येतात. त्यामुळे यादी रिकामी आली.

एसक्यूएलने खोटं सांगितलं नव्हतं. 'माहीत नाही' असं 17 वेळा म्हटलं होतं. ते रिकाम्या यादीच्या रूपात सीमा ओलांडून आरकडे गेलं. आरने ओळी मोजल्या, शून्य. शून्याचं मी 'निरंक' केलं. 'बघितलं पण कळलं नाही' याचं वाटेत 'बघितलं, आणि नाहीये' झालं. प्रत्येक भाषा आपापल्या नियमाने बरोबर वागली. चूक दोघींच्या मधल्या जागेत झाली, आणि ती जागा माझी होती.

*

मग मी एक वही घेतली आणि प्रत्येक पानावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहीत गेले: या भाषेत मोकळ्या जागेचा अर्थ काय?

एक्सेल: बेरजेच्या सूत्रात मोकळा सेल म्हणजे शून्य. सरासरी काढताना मात्र तोच सेल मोजायचाच नाही.

आर: एकही आकडा हरवलेला असेल तर सरासरी देत नाही. 'हरवलेलं आहे' असंच उत्तर देते. हरवलेले सोडून दे, असं तुम्ही वेगळं लिहून दिलं तरच पुढे सरकते. मला ही भाषा पूर्वी हट्टी वाटायची.

पँडाज: न विचारता हरवलेले सोडून बेरीज देतं. शिवाय दोन टेबलं जोडताना मोकळ्याची जोडी मोकळ्याशी लावतं. म्हणजे दोन मुलींचे अर्ज क्रमांक हरवले असतील तर एकीची माहिती दुसरीला चिकटते. एसक्यूएल आपणहून हे करत नाही, कारण टेबलं जोडताना दोन अनोळखी माणसं एकच आहेत असं ती मानत नाही.

प्रत्येकीच्या वागण्याला तिच्या जन्माचं कारण आहे. एसक्यूएल 1974 च्या सुमारास आयबीएममध्ये डॉनल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी घडवली, एडगर कॉड यांच्या 1970 च्या मांडणीवर. आर न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या दोन संख्याशास्त्रज्ञांची, रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांची. संख्याशास्त्रज्ञाला हरवलेला आकडा ही बातमी असते, तो ती लपवत नाही. पँडाज वेस मॅकिनी यांनी 2008 मध्ये वित्तक्षेत्रात काम करताना सुरू केलं. हरवलेल्यासाठी त्यांनी जी खूण घेतली ती मुळात 'शून्य भागिले शून्य' अशा बेकायदा गणितांच्या उत्तरासाठीची होती. त्यामुळे पूर्णांकांच्या रकान्यात एक जागा मोकळी असली की सगळा रकाना दशांशात जातो आणि अर्ज क्रमांकांना शेपटीला 'पॉइंट झिरो' लागतं.

मजा म्हणजे कॉड यांनाही एक 'माहीत नाही' पुरलं नव्हतं. 1990 च्या पुस्तकात त्यांनी मोकळ्या जागेचे दोन प्रकार सुचवले: लागू आहे पण माहिती नाही, आणि लागूच नाही. आईच्या तक्त्यांत हे दोन्ही होते. 'माहिती अप्राप्त' आणि 'लागू नाही'. एसक्यूएलमध्ये ते दोन प्रकार कधी आलेच नाहीत. एकच नल राहिला.

*

वहीत शेवटचं पान प्रोलॉगचं होतं. तिथे मला जास्त लागलं, कारण ती माझी लाडकी.

प्रोलॉग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मार्सेयला जन्मली. तिच्याकडे 'माहीत नाही' नावाची वस्तूच नाही. जे सिद्ध होत नाही ते खोटं. 1978 मध्ये कीथ क्लार्क यांनी या नकाराची तर्कशुद्ध मांडणी केली. हा विचार चुकीचा नाही. एसटी स्टँडच्या फलकावर 3 ची गाडी लिहिलेली नसेल, तर 3 ची गाडी नाही. फलक पूर्ण आहे हे आपण धरून चालतो.

पण माझे अर्ज म्हणजे एसटीचा फलक नव्हता. मी नियम लिहिला होता: उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं सिद्ध झालं तर पात्र. ज्यांच्या उत्पन्नाचा रकाना मोकळा, त्यांचं सिद्ध होणार कसं? त्या गपचूप अपात्र. हाच नियम मी उलटा लिहिला असता, म्हणजे 'उत्पन्न मर्यादेबाहेर असल्याचं सिद्ध झालं नाही तर पात्र', तर त्याच मुली गपचूप पात्र ठरल्या असत्या. दोन्ही वाक्यं मराठीत वाचताना सारखीच वाटतात. संस्थेने त्यातलं कुठलंही ठरवलं नव्हतं. रात्री अकरा वाजता मला जे वाक्य आधी सुचलं, त्याने ठरवलं.

अपात्रांची यादी मी पहिल्यांदाच नीट उघडली. उत्पन्न मोकळं असलेल्या मुली बऱ्याच होत्या. गावांची नावं वाचत गेले आणि थांबले. पाटोदा, आष्टी, शिरूर. माझ्याच जिल्ह्यातली, बीडची. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढावा लागतो आणि त्यासाठी घरातलं कुणीतरी गावात असावं लागतं. संस्थेने कागदपत्रांची मुदत दिवाळीनंतर दिली होती, पुरेसा वेळ मिळावा म्हणून. दिवाळीनंतर या गावांत घरांना कुलपं असतात. आईबाप कोयता घेऊन कारखान्याला गेलेले.

*

रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शाळाबाह्यचा रकाना आठवतो का तुला?"

मला अर्धवट आठवत होतं, तिने पूर्ण सांगितलं. एका वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि तिच्या वर्गातली नऊ मुलं आलीच नाहीत. तक्त्यात आकडा हवा होता. शाळाबाह्य लिहावं, तर त्यांची नावं पटावर होती. निरंक लिहावं, तर मुलं कुठे आहेत ते तिला माहीत नव्हतं. तिने आकड्याच्या जागी काही लिहिलं नाही. तक्त्याला एक चिठ्ठी टाचली. नऊ नावं, आणि खाली: 'पालकांसोबत ऊसतोडीस गेल्याचे समजते. सध्या कुठे आहेत माहीत नाही.' वरून चिठ्ठी परत आली, आकडा द्या म्हणून. पुढच्या महिन्यात तिने पुन्हा टाचली.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? माझा तक्ता दर महिन्याला परत यायचा. पण त्या नऊ जणांची नावं दर महिन्याला कुणाच्या तरी टेबलावर जायची."

*

आम्ही भाषा कमी केल्या नाहीत. सरांनी सुचवलं होतं की सगळं पायथनमध्ये आणू, कटकट नको. पण पायथनच्या आतही मोकळ्याच्या तीन-चार जाती आहेत. भाषा एक केल्याने सीमा संपत नाहीत.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, कुठलीही मोकळी जागा तशीच सीमेपार जाऊ द्यायची नाही. एका भाषेतून दुसरीत जाताना प्रत्येक रकान्यात आकडा असेल, नाहीतर तीन शब्दांपैकी एक: निरंक, लागू नाही, माहीत नाही. प्रोलॉगमध्येही पात्र आणि अपात्र यांच्या जोडीला 'अनिर्णित' हा तिसरा निकाल आला.

दुसरी, प्रत्येक सीमेवर ताळमेळ. आलेले अर्ज बरोबर पात्र अधिक अपात्र अधिक अनिर्णित. पात्र बरोबर पोचलेल्या अधिक राहिलेल्या. बेरीज जुळली नाही तर अहवाल छापायचाच नाही. किराणा दुकानदार रोज रात्री गल्ला मोजून करतो तेवढंच हे गणित. ऑक्टोबरमध्ये ते असतं तर पात्रांच्या आकड्यात 17 कमी पडलेले पहिल्याच मिनिटात दिसले असते. एसक्यूएलचा प्रश्नही बदलला. 'यादीत नाही' असं विचारण्याऐवजी 'हिच्या नावाची पोचल्याची ओळ अस्तित्वात आहे का' असं विचारते. मग मोकळी ओळ कुणाच्या आड येत नाही.

उत्पन्न माहीत नसलेल्या मुलींसाठी संस्थेने मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवली. ताईंनी स्वतः फोन केले.

17 पैकी 16 जणींचे पैसे फेब्रुवारीत पोचले. सतरावीचा फोन बंद होता. वसतिगृहात विचारलं, तर ती डिसेंबरातच सामान घेऊन गेली होती. मेसचे पैसे थकले होते. गावच्या शाळेतून कळलं, घरच्यांसोबत गेली असावी. कुठल्या कारखान्याला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. ती पैशांमुळेच गेली का, हेही मला माहीत नाही. आधीच जायचं ठरलं असेल. पण तिच्या हक्काचे पैसे परत येऊन चार महिने पडून होते आणि माझा अहवाल सांगत होता की राहिलेलं कुणी नाही.

तिची रक्कम अजून तिच्या नावावर आहे. अहवालातली शेवटची ओळ आता निरंक येत नाही. तिथे 1 येतो, पुढे तिचा अर्ज क्रमांक, आणि शेजारच्या रकान्यात 'माहीत नाही'. गेल्या महिन्यात संस्थेच्या हिशोबनिसांनी विचारलं, वर्ष संपतंय, ही ओळ बंद करायची का?

मी नाही म्हटलं. पुढच्या महिन्याच्या अहवालातही ती जाईल.